जुन्या नावाचं टपाल

मेल सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये सेटिंगच्या दोन फायली असतात. एक बनवणाऱ्याची, एक आपली. बनवणाऱ्याच्या फायलीत हात घालायचा नाही. जे काय बदलायचं ते आपल्या फायलीत लिहायचं. प्रोग्राम सुरू होताना आधी त्याची फाइल वाचतो, मग आपली, आणि दोघींचं पटलं नाही तर आपलीचं ऐकतो. नवी आवृत्ती बसवली की बनवणाऱ्याची फाइल आपोआप नवी होते, आपलीला कोणी शिवत नाही. इतकं सोपं आहे. माझ्या खात्यात जो कोणी नवा आला त्याला मी पहिल्याच दिवशी हे सांगितलं, आणि सांगताना उगाच आवाज चढवला. मागून लोक म्हणायचे की बाकी माणूस बरा आहे, पण या एका गोष्टीवर भडकतो.

भडकायला कारण होतं. बनवणाऱ्याच्या फायलीच्या अगदी डोक्यावर ही सूचना लिहिलेली होती, मी ती वाचली होती, आणि तरीही मी त्याच फायलीत हात घातला. त्यापायी एका माणसाचं जर्मनीला जाणं हुकलं. तो माणूस आमच्या स्टोअरचा क्लार्क होता. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणायचो.

ही नामविस्तारानंतरच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव लागलं होतं, शहर अजून औरंगाबादच होतं, आणि वाळूजला दर महिन्याला एखाद्या नव्या शेडचे पत्रे चढत होते. आमची कंपनी गिअर बनवायची. एका जर्मन कंपनीनं तिच्यात निम्मी भागीदारी घेतली आणि कंपनीचं नाव बदललं. गेटवरची पाटी बदलली, गणवेशाच्या खिशावरचा बिल्ला बदलला, जुन्या लेटरहेडचे चार-चार तुकडे करून सुपरवायझरांना कच्च्या हिशेबाला वाटले. साहेब लोकांना नव्या नावाची व्हिजिटिंग कार्डं छापून आली. स्टोअरला कार्डं कधीच नव्हती, तेव्हाही आली नाहीत.

मी मूळचा मेंटेनन्समधला, इलेक्ट्रिकलचा. कंपनीत कॉम्प्युटर वाढले तशी ती जबाबदारी माझ्या गळ्यात पडली, कारण न घाबरता कव्हर उघडणारा मी एकटाच होतो. इंटरनेटची चोवीस तास चालणारी लाईन मिळाली, एका जुन्या मशीनवर मी मेल सर्व्हर उभा केला आणि त्याचा मला कोण अभिमान होता. नाव बदललं तेव्हा मेलच्या पत्त्याचा मागचा अर्धा भागही बदलला. जगभर जुना पत्ता पसरलेला होता, तेव्हा मी ठरवलं की सर्व्हरनं दोन्ही नावांची पत्रं घ्यावीत. असले प्रोग्राम मुळात फक्त आपल्या स्वतःच्या नावाचं टपाल घेतात, बाकीचं दारातूनच परत पाठवतात. जुनं नावही आपलंच आहे हे त्याला सांगावं लागतं. एका ओळीचं काम होतं.

ती ओळ मी बनवणाऱ्याच्या फायलीत टाकली. का टाकली, ते आमच्या शॉपमध्ये, म्हणजे मशिनं चालतात त्या शेडमध्ये, काम केलेल्या माणसाला लगेच कळेल. आमच्याकडे सेटिंग मशीनवरच राहायचं. कोणत्या जॉबला किती दाब, किती वेग, ते रेग्युलेटरच्या शेजारी खडूनं नाहीतर ऑइलपेंटनं लिहिलेलं असायचं. रजिस्टर हरवतं, रजिस्टरवाला रजेवर जातो, मशीन जागेवर असतं. आणि प्रत्येक मशीनच्या पुस्तकात पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं की अनधिकृत माणसानं आत हात घालू नये. ते मनावर घेतलं असतं तर आमची एक लाईन चालली नसती. फायलीच्या डोक्यावरची सूचना मी त्याच जातीची समजलो. ओळ टाकली, शेजारी खडूनं लिहावं तसं माझं नाव आणि बदलाचं कारण लिहिलं आणि कामाला लागलो.

भाऊंचं सांगतो. ते चाळिशी ओलांडलेले, सडपातळ, डाव्या पायानं किंचित ओढत चालणारे. बी.एस्सी. झालेले. पण पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी सोळा वर्षं विद्यापीठातून उचललंच नव्हतं. जुन्या नावाचा कागद घरात आणायचा नाही, असं त्यांच्या पिढीतल्या काही मुलांनी आपसांत ठरवलं होतं. बाकीच्यांनी एकेक करून नोकरीपायी नेला. यांनी नाही नेला. मुलाखतीत प्रमाणपत्र मागत, यांच्याकडे नुसती गुणपत्रिका, म्हणून बारावी पास धरून स्टोअरला लागले ते तिथंच राहिले. विद्यापीठाचं नाव बदललं त्यानंतर पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून त्यांनी ते घेतलं. हे मला त्यांनी नव्हे, कॅन्टीनमधल्या दुसऱ्याच माणसानं हसत हसत सांगितलं. मलाही तेव्हा हसू आलं होतं.

एक जर्मन इंजिनिअर तीन आठवडे आमच्याकडे राहून गेला. त्याला लागणारं कुठलंही बेअरिंग भाऊ रजिस्टर न उघडता काढून द्यायचे, आणि उरलेली किती हेही तोंडपाठ सांगायचे. तो परत गेला आणि तिकडून त्यानं भाऊंसाठी अर्ज पाठवला. आठ महिन्यांचं प्रशिक्षण, तिकडच्या कारखान्यात, आणि परत आल्यावर नव्या सेंट्रल स्टोअरचं अधिकारीपद. वयाची अट बेचाळीसच्या आत. भाऊ त्या साली एक्केचाळीस पुरे करत होते, म्हणजे हीच एक खेप. अर्ज आम्ही दोघांनी माझ्या टेबलावर बसून भरला. पत्त्याच्या रकान्यात मी माझ्या हातानं मेलचा पत्ता लिहिला. तेव्हा कंपनीचं जुनंच नाव होतं.

फोनवर मुलाखत झाली, चांगली झाली. पत्र येईल असं तिकडून सांगितलं. स्टोअरला कॉम्प्युटर नव्हता, भाऊंचं मेल मीच उघडून छापून द्यायचो. म्हणून ते रोज चहाच्या सुट्टीत माझ्या केबिनच्या दारात येत. आत येत नसत. "आलं का साहेब?" एवढंच विचारायचे. मी म्हणायचो, नाही अजून भाऊ, येईल, ते लोक सावकाश करतात.

त्याच दिवसांत मेलच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. जुनीत एक भोक होतं, बाहेरचा कोणीही आत शिरू शकेल असं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी मी एकटाच जाऊन नवी आवृत्ती बसवली. काम अर्ध्या तासात झालं. मी नव्या नावावर स्वतःला एक मेल पाठवून पाहिलं, ते आलं. जुन्या नावावर पाठवून पाहायचं माझ्या ध्यानातही आलं नाही. बारा वाजता घरी येऊन पोटभर जेवलो आणि झोपलो.

तेवीस दिवस गेले. तेवीस दिवसांत सुट्ट्या सोडून रोज भाऊ दारात आले आणि रोज मी त्यांना धीर दिला. चोविसाव्या दिवशी पुण्याच्या एका पुरवठादाराचा फॅक्स आला. तुमचा मेलचा पत्ता बंद झालेला दिसतो, आमचं पत्र परत आलं, म्हणून फॅक्स करतो आहोत, असं त्यात होतं. खाली त्यानं आपण वापरलेला पत्ता लिहिला होता. जुना.

मी फाइल उघडली. नवीकोरी होती. माझी ओळ नाही, माझं नाव नाही, कारण नाही. डोक्यावर तीच सूचना, जशीच्या तशी. मग सर्व्हरची नोंदवही उघडली, ज्यात आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पत्राची एक ओळ पडते, आणि खाली खाली जात राहिलो. आवृत्ती बसवल्याच्या नवव्या दिवशी, दुपारी, ती ओळ होती. जर्मन कंपनीच्या प्रशिक्षण विभागाकडून, भाऊंच्या नावे. पुढं माझ्या सर्व्हरनं दिलेलं उत्तर होतं. मराठीत सांगायचं तर, या नावाचं टपाल आम्ही घेत नाही.

चहाची सुट्टी झाली होती. भाऊ दारात उभे होते आणि नेहमीचं विचारत होते. मी म्हणालो, नाही आलं. हे एक खोटं मी आयुष्यात कधी विसरणार नाही, कारण त्याआधीची सगळी नाहीतरी अजाणता बोललेली होती.

ते गेल्यावर मी तिकडे पत्र लिहिलं. इंग्रजी माझं बेताचं, पण त्या दिवशी काय काय लिहिलं. चूक माझी आहे, उमेदवाराची नाही, कृपा करा. मॅनेजरसाहेबांची परवानगी काढून त्यांच्या खोलीतून परदेशी फोन लावला. एक बाई बोलली, चांगल्या आवाजात, सावकाश, मला समजावं म्हणून. होकार कळवायला दहा दिवस दिले होते. आमचं पत्र तुमच्या कंपनीनं परत केलं, म्हणजे तो मनुष्य आता तिथं नाही असं आम्ही समजलो. जागा दुसऱ्या देशातल्या उमेदवाराला दिली, त्याचा व्हिसाही झाला. पुढल्या वर्षी अर्ज करायला सांगा. मी वयाचं सांगितलं. ती म्हणाली, हो, ते आहे खरं.

मी फोन ठेवला. मॅनेजरसाहेब समोरच होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले की पत्र आलंच नाही असं सांगून टाका, निवड झाली नाही असं समजेल तो, लोकांची होत नाही तशी. तुमचं नाव कशाला मध्ये आणता, आणि शिवाय, ते जरा थांबून म्हणाले, तुमचं आडनाव, त्याचं आडनाव, उगाच वेगळाच रंग येईल.

तो रंग मला त्यांच्या आधीच दिसला होता. मी देवगाव रंगारीच्या बाजूच्या एका गावचा. बागायती, चार बैलजोड्या, गावात शब्दाला वजन असलेलं घर. नामांतर आंदोलनाच्या पहिल्या वर्षी मी सातवीत होतो. एका संध्याकाळी आमचे चुलते दहा-बारा जणांबरोबर गावकुसाबाहेर गेले आणि मी घराच्या धाब्यावर चढून धूर पाहिला. घरी आल्यावर त्यांनी विहिरीवर हातपाय धुतले आणि सगळे जेवायला बसले. मीही जेवलो. कोणी काही बोललं नाही, नंतरही नाही. भाऊंचं मूळ गाव तिथून तीन कोसांवर, आणि त्यांचे वडील त्याच साली घरदार सोडून शहरात आले, हे मला कंपनीत लागल्यावर कळलं. त्यांचा पायही त्याच साली मोर्चात लाठी बसून गेलेला. आम्ही याबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढलेलं नव्हतं. ते मला साहेब म्हणत, मी त्यांना भाऊ, आणि दोघांनी तिथंच कुंपण घातलं होतं.

आता याच घरातल्या पोरानं त्यांचं पत्र परत पाठवलं होतं. मुद्दाम नाही, हे मला माहीत. पण मुद्दाम नाही असं आमच्याकडच्या लोकांनी त्यांच्याकडच्या लोकांना किती वेळा सांगितलं असेल?

दोन दिवस मी सांगितलं नाही. दोन दिवस मी अन्नाला शिवलो तेही बायको चिडली म्हणून. तिला वाटलं कंपनीत काही चोरीबिरी झाली. पहिल्या दिवशी मी सर्व्हर दुरुस्त केला. आपली वेगळी फाइल उघडली, जुन्या नावाची ओळ तिच्यात लिहिली, जुन्या पत्त्यावर पत्र पाठवून पाहिलं, आलं. मग बनवणाऱ्याची फाइल मुद्दाम पुन्हा नवी करून पाहिली, तरी आलं. सगळ्याला मिळून दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मी आधी दिली असती तर, असं मनात येई आणि माझा मलाच संताप येई. संताप कोणावर काढायचा तर त्या मठ्ठ मशीनवर, आणि तेही काढून झालं, त्याच्या कव्हरवर आजही पोचा असेल.

दुसऱ्या दिवशी मी चहाच्या सुट्टीला केबिनला कुलूप लावून गुलमंडीत निघून गेलो. काही काम नव्हतं. कापडाच्या दुकानांसमोरून दोन वेळा फिरलो, एका दुकानदारानं बोलावलं तर आत जाऊन उगाच शर्टपीस पाहिले. मनात सारखं एकच, की मॅनेजरसाहेबांनी सांगितलेलं सोपं आहे. निवड झाली नाही. तीन शब्दांचं काम. ते त्यावर विश्वास ठेवतील, नव्हे, त्यांना त्याची सवय आहे. हेच मला सहन होईना. निवड तर झाली होती. त्या माणसाच्या आयुष्यात एकदा कोणी त्याला निवडलं होतं आणि ते त्याला कळूही द्यायचं नाही, एवढी पुढची चोरी माझ्यानं होणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः स्टोअरला गेलो. भाऊ खिडकीमागं बसून बिनकार्डं, म्हणजे कप्प्याकप्प्यातल्या मालाची कार्डं, भरत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुमची निवड झाली होती, पत्र आलं होतं, माझ्या चुकीनं सर्व्हरनं परत पाठवलं, जागा गेली. दोन फायलींचं सांगायला लागलो, ओळ कुठं टाकायची आणि मी कुठं टाकली, नवी आवृत्ती, सगळं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावतील म्हणून मी तयार होतो, रागावले असते तर बरं झालं असतं. चेहरा असा झाला होता की मला तो ओळखू येईना. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मला एकच सांगा साहेब. खरं सांगा. जुन्या नावावरची सगळ्यांचीच परत गेली, का माझंच गेलं?"

मी म्हणालो, सगळ्यांची. शब्दावर विश्वास ठेवावा असं माझ्याजवळ काही नव्हतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हणालो, थांबा, दाखवतो.

केबिनमध्ये पळत आलो. नोंदवहीतून परत गेलेल्या पत्रांच्या ओळी वेगळ्या काढल्या आणि छापायला लावल्या. प्रिंटर कुरकुरत दोन पानं द्यायला जेवढा वेळ घेतो तेवढा वेळही मला धरवत नव्हता. पानं फाडून परत गेलो. भाऊंनी ती खिडकीच्या फळीवर पसरली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. हे कोणाचं? मार्केटिंगच्या साहेबांचं. हे? बँकेकडून, अकाउंटला आलेलं. हे? मॅनेजरसाहेबांचं. असं एकेक ओळ विचारत, बोट खाली सरकवत ते दुसऱ्या पानावर आले. स्वतःच्या ओळीवर थांबले, ती वाचली, आणि तिथंही न रेंगाळता पुढं गेले. शेवटच्या ओळीपर्यंत गेले. माझ्या स्वतःच्या नावे आलेलं एक पत्रही त्यात होतं, ते मी दाखवलं.

"व्हय," ते म्हणाले. "तुमचंबी गेलं."

"हो भाऊ."

त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि खुर्चीत मागं रेलले. त्यांचा श्वास मोकळा झाला ते मला दिसलं. जर्मनी गेली होती, अधिकारीपद गेलं होतं, वय निघून चाललं होतं, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर सुटका होती.

"मग काय नाय," ते म्हणाले. "सगळ्यांच्या बरोबर माझं गेलं, असं पयल्यांदाच झालं बघा."

त्यांनी ती दोन पानं घडी घालून खिशात ठेवायला मागितली. घरी दाखवतो म्हणाले, बायकोला वाटेल की आपल्याला मुद्दाम डावललं, तिला वाचून दाखवतो. मी म्हणालो, न्या. ते परत बिनकार्डं भरायला लागले आणि मी शॉपमधून चालत माझ्या केबिनकडे आलो.

मी त्यांना परत गेलेल्या पत्रांचीच पानं दिली होती. पुन्हा आलेल्यांची दिली नव्हती. त्या दोन पानांवरच्या प्रत्येकाला, मॅनेजरसाहेबांना, बँकेला, मार्केटिंगला, अगदी मलाही, पाठवणाऱ्यानं त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणाला तरी विचारून नवा पत्ता घेतला होता, आणि पत्र पुन्हा पाठवलं होतं. पुण्यावाल्यानं तर फॅक्स केला. नोंदवहीत त्या सगळ्यांच्या दुसऱ्या ओळी होत्या. फक्त एका माणसाबद्दल कोणी कोणाला विचारलं नव्हतं. हे मी भाऊंना त्या दिवशी सांगितलं नाही. ते निवृत्त झाले, त्यांच्या मुलीच्या लग्नात मी वाढायला उभा होतो, त्यांनी माझी ओळख करून देताना सांगितलं की या साहेबांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. तेव्हाही मी ताटात वाढत राहिलो.